तहकूब दरखास्त

अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात लँकेस्टर नावाचा एक सुपीक परगणा आहे. तेथील आमिश पंथाचे शेतकरी अद्याप घोड्याच्या बग्गीतून बाजारास जातात, आणि त्या बग्गीमागे ज्या मोटारी निमूटपणे रांग धरून चालतात त्यांपैकी एकीत बहुधा आमच्या कन्येचे शेजारी बसलेले असतात. हे गृहस्थ विमा कंपनीत नुकसानभरपाईचे दावे तपासण्याच्या कामावरून निवृत्त झालेले, देहाने धिप्पाड आणि वृत्तीने सालस. त्यांना शत्रू नाही, त्यांच्या पिकाची नासधूस करणारे जनावर नाही, किंबहुना पीकच नाही. असे असूनही आपल्या अंगाच्या मापाने घडवलेली, अठराव्या शतकातील घाटाची, नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरावी लागणारी एक बंदूक करवून घ्यावी किंवा न घ्यावी, या प्रश्नाचा ते आमची प्रथम ओळख झाली तेव्हा विचार करीत होते. त्यानंतर आमची नातवंडे शाळेत जाऊ लागली, रस्त्यापलीकडच्या घराचे मालक बदलले, देशाचे अध्यक्षही बदलले, आणि शेजारी अद्याप विचार करीत आहेत. दावे तपासण्यात हयात घालवलेल्या मनुष्याने स्वतःच्या इच्छेचा दावाही त्याच कसोशीने तपासावा, हे एका दृष्टीने योग्यच म्हटले पाहिजे.

शेजाऱ्यांच्या मनात जी आहे तिला तिकडे लाँगरायफल म्हणतात, आणि तिची कुळकथा अशी आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधून जे कारागीर पेन्सिल्व्हेनियात येऊन वसले, त्यांनी आपल्याबरोबर आखूड नळीच्या आणि मोठ्या छिद्राच्या शिकारी बंदुका आणल्या. युरोपातील सरदारांच्या राखीव रानात त्या शोभून दिसत; परंतु जेथे शिसे आणि दारू ही दोन्ही स्वतःच्या पाठीवर वाहून न्यावयाची आणि ती संपली तर दुकान कित्येक दिवसांच्या वाटेवर, तेथे मोठ्या छिद्राचा थाट परवडेना. तेव्हा पिढ्यान्पिढ्या नळी लांबत जाऊन ४२ इंच आणि त्याहूनही अधिक झाली, छिद्र आक्रसले, लाकडी दस्ता नळीच्या थेट टोकापर्यंत पोहोचला, आणि उभी केली असता उंच पुरुषाच्या हनुवटीस टेकेल अशी एक सडपातळ, सुबक वस्तू निर्माण झाली. नळीच्या अंतर्भागी सर्पिल आटे कोरलेले असल्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते. सैनिकांच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीची गोळी जेथे शंभर पावलांनंतर स्वैर होई, तेथे ही दोनशे पावलांवर नेम धरी. उलटपक्षी ती भरावयास वेळ फार लागे आणि तिला संगीन लावण्याची सोय नव्हती. म्हणजे जो मनुष्य एकांतात, पुष्कळ विचारान्ती, आणि शत्रू बराच दूर असताना गोळी झाडू इच्छितो, त्याच्याचकरिता ती घडवलेली होती. आमच्या शेजाऱ्यांच्या प्रकृतीस ती का मानवली याचा उलगडा येथेच होतो. अर्ध्या इंचाच्या छिद्रास जी गोल गोळी लागते तिचे वजन सुमारे १७७ ग्रेन, म्हणजे आपल्या एका तोळ्याला जेमतेम तीन ग्रेन कमी भरते. हा हिशेब मी त्यांना सांगितला तेव्हा त्यांनी तो वहीत टिपून घेतला, आणि तोळा हे माप पेन्सिल्व्हेनियात साधारण कोणत्या सालापासून प्रचारात असावे, अशी गंभीरपणे पृच्छा केली.

जगात ही बंदूक केंटकी रायफल या नावाने प्रसिद्ध आहे, कारण १८१५ मधील न्यू ऑर्लिन्सच्या लढाईनंतर केंटकीच्या शिकाऱ्यांचा गौरव करणारे एक गाणे देशभर लोकांच्या तोंडी झाले. घडवली लँकेस्टरने आणि कीर्ती गेली केंटकीला, ही गोष्ट या परगण्यात दोनशे वर्षांनंतरही थट्टेवारी नेण्याजोगी समजली जात नाही.

वास्तविक शेजाऱ्यांच्या घरी ठासणीची एक बंदूक आहेच. १९७२ साली रॉबर्ट रेडफर्ड या नटाचा ‘जेरेमाया जॉन्सन’ हा चित्रपट आला, आणि त्यातील पहाडी शिकाऱ्याच्या हातची हॉकेन बंदूक पाहून अमेरिकेतील असंख्य कारकून, दंतवैद्य आणि शाळामास्तर यांना एकाएकी बर्फाच्छादित पर्वतांची ओढ लागली. सेंट लुई शहरातील जेकब आणि सॅम्युएल हॉकेन या बंधूंनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हातांनी घडवलेल्या बंदुकांचे कारखानी अवतार तोपर्यंत बाजारात आलेच होते. त्यांपैकी एक शेजाऱ्यांनी ऐन तारुण्यात खरेदी केला. ती बंदूक आजही बिनतक्रार उडते, नेम चुकवीत नाही, आणि तिची किंमत केव्हाच फिटलेली आहे. तिचे वैगुण्य एवढेच की ती पितळी अलंकार ल्यालेली कारखान्याची लेक असून खुद्द हॉकेन बंधूंनी ती पाहिली असती तर तिला आपली म्हणून ओळख दिली नसती, असे जाणकारांचे मत आहे. आणि या छंदातील जाणकार ही एक स्वतंत्र जमात आहे. पहाडी शिकारी आणि कातड्यांचे व्यापारी यांचे जे वार्षिक मेळे १८२५ ते १८४० पर्यंत रॉकी पर्वतात भरत, त्यांच्या स्मरणार्थ आज जागोजाग तंबूंचे मेळावे भरवतात आणि तेथे १८४० नंतरची कोणतीही चीज दृष्टीस पडू नये असा दंडक असतो. पाण्याची प्लास्टिकची बाटली घोंगडीखाली लपवावी लागते. अंगरख्याचे टाके हाताचे की यंत्राचे हे वाकून मोजणारे परीक्षक अनाहूतपणे फिरत असतात. आणि ते मोजण्यासाठी त्यांना जो चष्मा लागतो त्याच्या काड्या कोणत्या दशकातील आहेत हे मोजणारे दुसरे परीक्षक त्यांच्या मागून येतात.

आता कायद्याची बाजू. मराठी वाचकास ठासणीची बंदूक म्हटली की कोकणच आठवावे, आणि मलाही माझे सावंतवाडीकडील मामाच आठवतात. त्यांच्याकडे शेतीच्या संरक्षणाकरिता म्हणून केपाची एक ठासणीची बंदूक होती. रानडुकरे आणि वानर यांच्यापासून भात व नारळ राखण्यासाठी ती बाळगण्यास अनुज्ञा आहे, असे परवान्यावर स्वच्छ नमूद होते. परंतु त्या परवान्याचे मुदतीत नूतनीकरण, त्याकरिता तलाठ्याचा दाखला, पोलीसपाटलाचा जबाब, कचेरीतील हेलपाटे, आणि निवडणूक जाहीर झाली की बंदूक ठाण्यात जमा करून तिची पावती घेणे व ती पावती पुन्हा बंदूक मिळेपर्यंत उंदरांपासून राखणे, यांत मामांचा एवढा काळ खर्ची पडे की डुकरांना आपले काम निर्वेधपणे उरकता येई. इकडे अमेरिकेत मात्र संघराज्याच्या १९६८ च्या कायद्याने अशी व्याख्या करून ठेवली आहे की १८९८ पर्यंतची जुनी बंदूक आणि ठासणीच्या जुन्या पद्धतीची नवी प्रतिकृती या दोन्ही त्या कायद्यापुरत्या बंदुकाच नव्हेत. राज्याराज्यांचे नियम वेगळे असू शकतात. परंतु पेन्सिल्व्हेनियातील निवृत्त विमा अधिकाऱ्याने जवळजवळ पाच फूट लांबीची, तोळाभर शिसे दोनशे पावले फेकणारी वस्तू मागवली, तर ती कोणत्याही दाखल्याशिवाय पार्सलने त्याच्या दारात येऊन पडते. त्यामुळे झाले असे की मामांना सरकारने जो अडथळा विनामूल्य पुरवला होता, तो शेजाऱ्यांना स्वकष्टाने उभारावा लागला.

तो त्यांनी उत्तम उभारला आहे. त्यांच्या तळघरात या प्रकरणाचे स्वतंत्र दप्तर आहे. त्यात कागदांची विषयवार फडकी बांधलेली असून प्रत्येक पोटप्रश्नावर अनुकूल व प्रतिकूल मुद्द्यांची कैफियत आणि तळाशी तात्पुरता निर्णय असतो. ‘तूर्त तहकूब’ ही मखलाशी मी जितक्या कागदांवर पाहिली तितकी पेशवे दप्तरातही नसेल.

पहिला पोटप्रश्न चकमकीचा की केपाचा, हा. केपाच्या बंदुकीत तांब्याची इवलीशी टोपी असते आणि घोडा तिच्यावर आपटताच आत आग जाते. चकमकीच्या बंदुकीत गारेचा तुकडा पोलादाच्या पत्र्यावर घासून ठिणग्या रंजकावर पाडाव्या लागतात, रंजक पेटून त्याची ज्वाळा कानाच्या छिद्रातून आत शिरावी लागते, आणि एवढे सर्व झाल्यावर गोळी सुटते, किंवा सुटत नाही. कोणाही व्यवहारी मनुष्याने केपाचीच बंदूक घ्यावी, आणि एकोणिसाव्या शतकात साऱ्या जगाने तेच केले. परंतु पेन्सिल्व्हेनिया सरकारने १९७४ पासून एक चमत्कारिक सवलत चालू केली आहे: नाताळच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे सर्व आधुनिक बंदुकांचा हंगाम आटोपून हरणे पुरेशी सावध झाल्यावर आणि हिमवर्षावाने रंजक भिजण्याची निश्चिती झाल्यावर, केवळ चकमकीच्या बंदुकीने शिकार करणाऱ्यांचा खास हंगाम सुरू होतो. ज्या काळात, ज्या हवेत आणि ज्या हत्याराने शिकार मिळण्याचा संभव किमान, त्यांचा असा त्रिवेणी संगम अन्य कोणत्या सरकारने योजनापूर्वक घडवून आणला असेल असे मला वाटत नाही. शेजाऱ्यांची हॉकेन केपाची असल्यामुळे त्यांना या हंगामात भाग घेता येत नाही. ते मित्रांबरोबर केवळ थंडीत उभे राहण्यासाठी जातात. अर्थात चकमक मुक्रर झाली. दप्तरातील हा एकच निर्णय आजवर फिरवला गेलेला नाही.

त्यानंतर परगण्याचा प्रश्न येतो, आणि येथे प्रकरण खोल पाण्यात शिरते. जो किंडिग नावाच्या संग्राहकाने १९६० साली या बंदुकांवर एक भला जाड ग्रंथ प्रसिद्ध केला. तो ज्यांनी वाचला त्यांना बंदूक पाहताच ती लँकेस्टरची, लेहायची, बर्क्सची की बेडफर्डची हे सांगता येते, आणि ज्यांनी वाचला नाही त्यांनाही सांगण्यापासून परावृत्त करता येत नाही. लँकेस्टरच्या दस्त्याची रेषा बाणेदार सरळ. लेहायच्या दस्त्याची पाठ कमानदार, रोमन नासिकेप्रमाणे उतरती. लँकेस्टरच्या पितळी डबीच्या झाकणावर डेझीचे फूल, इतरत्र इतर काही. शेजाऱ्यांच्या सौंदर्यदृष्टीस लेहायची कमान भुलवते, परंतु जेकब डिकर्टसारख्या कारागिराने ज्या नगरात हयात घालवली त्या नगराच्या परिसरात राहून परपरगण्याचा दस्ता खांद्यास लावणे त्यांना द्रोहासमान वाटते. या द्विधेत त्यांनी एक संपूर्ण हिवाळा घालवला. अखेरीस लँकेस्टर ठरले. मग १७७५ चे लँकेस्टर की १७९५ चे, हा प्रश्न निघाला, कारण पहिल्याचा दस्ता भरदार आणि नक्षी संयत, दुसऱ्याचा सडपातळ आणि नक्षी भरगच्च, आणि या वीस वर्षांच्या अंतरात राष्ट्राचा जन्म झाला होता एवढ्याच कारणास्तव शेजारी एकाही बाजूस झुकावयास तयार होईनात.

एका शनिवारी ते मला कारागिराकडे घेऊन गेले. हा कारागीर त्या लोकांत मोठ्या योग्यतेचा मानला जातो; पूर्वाश्रमी तो शाळेत संगीत शिकवीत असे. गुदामवजा घरात मॅपल लाकडाच्या फळ्या वर्षानुवर्षे सुकत पडलेल्या होत्या, आणि त्या फळ्यांच्या अंगावर वाऱ्याने उठवलेल्या लाटांसारखे आडवे पट्टे होते. लोखंड विरघळवलेले शोरकाम्ल फासून त्या लाकडास उष्णता दिली की ते पट्टे तांबूस-तपकिरी होऊन जिवंत होतात. शेजाऱ्यांनी खिशातून प्रश्नांचा कागद काढला, परंतु कारागिराने तो घेतला नाही. त्याने त्यांचा हात कोपरात दुमडवून कोपराच्या खळीपासून तर्जनीच्या पेरापर्यंतचे अंतर मोजले. मग मान, गाल, खांद्याची उतरण पाहिली. डोळे मिटावयास सांगून एक बंदूक त्यांच्या हाती दिली आणि ती खांद्यास लावून डोळे उघडल्यावर माशी नेमकी कोठे दिसते ते विचारले. शिंप्याच्या दुकानात जी प्रतिष्ठा नवरदेवास मिळते ती शेजाऱ्यांना तेथे मिळाली, आणि ते लज्जेने आरक्त झाले. तेवढ्यात कारागिराच्या ध्यानात आले की गिऱ्हाईक डावखुरे आहे.

डावखुरेपणा हा या प्रकरणातील सर्वांत बिकट पेच होय. डावखुऱ्या मनुष्याने उजव्या हाताची चकमकीची बंदूक उडवली तर रंजकाचा भडका नेमका त्याच्या डोळ्यांपुढे होतो. यास्तव त्याला उलट्या अंगाची, डावीकडे चाप-यंत्र असलेली बंदूक पाहिजे, आणि ती आजचे कारागीर हौसेने करूनही देतात. परंतु अठराव्या शतकातील मूळ बंदुकांत डावखुरी बंदूक अतिशय दुर्मीळ आहे. जाणकारांचे म्हणणे, ऐतिहासिक यथार्थता राखावयाची तर मनुष्याने उजव्या हाताने नेम धरण्यास शिकावे. शेजाऱ्यांचे म्हणणे, १७७५ सालीही लँकेस्टरमध्ये डावखुरी माणसे जन्मास येतच असतील, आणि त्यांच्यापैकी एखाद्याजवळ पैसा असेल. त्या कल्पित डावखुऱ्या श्रीमंताच्या शोधात शेजाऱ्यांनी दोन संग्रहालये पालथी घातली. मी भीत भीत सुचवले की यथार्थता ही बंदुकीने पाळावयाची आहे, खांद्याने नव्हे. पण ही सूचना अभिलेखात दाखल झाली नाही.

कारागिरास मुदतीविषयी विचारता त्याने वही उघडली आणि तीन वर्षे असे सांगितले. शेजारी हताश झाले. मला मात्र आपले मिरज आठवले. ज्यांना मिरजेच्या सतारमेकरांकडून तंबोरा करवून घेण्याचा प्रसंग आला असेल त्यांना हा अनुभव ओळखीचा वाटेल: पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे वर्षानुवर्षे आढ्यास टांगून सुकत असतात, गवयी येऊन आपला सूर सांगतो, कारागीर मान हलवतो, आणि मग काळ आपल्या गतीने जातो. योगायोगाचा भाग असा की मिरजेचे हे घराणे मुळात शिकलगारांचे, म्हणजे हत्यारांना धार आणि झळाळी देणाऱ्यांचे; एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांची मागणी सरल्यावर फरीदसाहेबांनी त्याच हातांनी सतारी आणि तंबोरे घडवण्यास आरंभ केला, आणि २०२४ साली त्या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. आपल्याकडे शस्त्रे करणारे वाद्यांकडे वळले, येथे संगीताचा मास्तर बंदुकांकडे वळला. आणि दोघांचीही मुदत तेवढीच.

शेजारीणबाई हिशेबतपासनीस होत्या. त्यांनी या दरखास्तीस कधी नकार दिलेला नाही, आणि हेच शेजाऱ्यांचे खरे दुःख आहे, कारण नकार आला असता तर त्याविरुद्ध अपील तरी करता आले असते. चांगल्या कारागिराच्या साध्या बंदुकीस काही हजार डॉलर पडतात, आणि चांदीची जडणघडण व भरघोस कोरीवकाम आले की आकडा सहज पाच अंकी होतो. बाईंनी एकदा खर्चास संभाव्य हरणांनी भागून दर हरणी काय पडते ते पाहण्याचा प्रयत्न केला. परंतु आजवरची हरणे शून्य असल्याकारणाने तो भागाकार गणितशास्त्रास मंजूर नव्हता. त्यानंतर त्यांनी “तुम्हाला हवी असेल तर घ्या” एवढेच सांगितले, आणि शेजारी पुन्हा तळघरात जाऊन हवी म्हणजे काय याची छाननी करू लागले. आमच्या कुटुंबाचा अभिप्राय त्याहून स्पष्ट होता. “अहो, मामांची ती बंदूक एवढी वर्षे माळ्यावर पडून होती, तिला कोणी विचारीत नव्हते, आणि हे लोक तसली नवी करवून घेतात?” असे ती म्हणाली. मामांची बंदूक १७७५ ची नसून डावखुरीही नव्हती, हे मी तिला समजावून सांगण्याचे टाळले.

मध्यंतरी एका मित्राची बंदूक उडवून पाहण्याचा योग शेजाऱ्यांना आला, आणि मला तो समारंभ पाहण्याचा. शिंगातील दारू मापाने नळीत ओतावयाची; थुंकीने ओलावलेली तागाची चिंधी नळीच्या तोंडावर अंथरून तिच्यावर गोळी ठेवावयाची; हिकरीच्या लाकडाची लांब ठासणी घेऊन ती तळापर्यंत दाबावयाची; मग घोडा अर्धा उचलून रंजक पाडावयाचे, झाकण मिटावयाचे, घोडा पुरता ओढावयाचा, आणि चाप दाबल्यावर डोळ्यांपासून वीतभर अंतरावर आगीचा लोळ उठत असता पापणीही न हलवता, गोळी प्रत्यक्ष सुटेपर्यंत नेम तसाच धरून ठेवावयाचा. पहिल्या खेपेस रंजक तेवढे भडकले आणि नळी स्तब्ध राहिली. दुसऱ्या खेपेस कान टोचून साफ केल्यावर प्रचंड धूर झाला, सडक्या अंड्यांचा दर्प सुटला, आणि त्या धुराआड काय घडले हे कोणासच न कळल्यामुळे सर्वांनी शेजाऱ्यांचे मनःपूर्वक अभिनंदन केले. या काळ्या दारूत पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक असते. अठराव्या शतकात इंग्रजांच्या दारूचा सोरा मुख्यत्वे बिहारमधून जाई, आणि १७७५ साली इंग्रजांशी बिनसताच अमेरिकन वसाहतींना तो तुटून त्यांच्या काँग्रेसला तबेल्यांतील माती उकळून सोरा काढण्याची लोकांना विनवणी करावी लागली. ही हकीकत मी शेजाऱ्यांना सांगितली तेव्हा त्यांनी माझ्याकडे प्रथमच एका पुरवठादाराच्या आदराने पाहिले. समारंभाची सांगता घरी झाली: ही दारू लोखंड खाते, म्हणून बंदुकीची नळी उकळत्या पाण्याने आणि साबणाने त्याच दिवशी धुवावी लागते. गोळ्या दोनच झाडल्या होत्या. धुण्यास संध्याकाळ लागली.

त्या रात्री शेजाऱ्यांनी आम्हास १९६९ सालचा एक बोलपट दाखवला. विल्यम्सबर्ग या वसाहतकालीन नगरात वॉलेस गस्लर या कारागिराने लोखंडाच्या पट्टीपासून नळी घडवण्यापर्यंत एक संपूर्ण बंदूक जुन्या हत्यारांनी कशी सिद्ध केली, याचे त्यात चित्रण आहे. शेजारी हा बोलपट किती वेळा पाहतात हे बाईंना ठाऊक आहे. मला विचारण्याचे धैर्य झाले नाही. पण त्याचा एक अनिष्ट परिणाम झाला. आपणच बंदूक का करू नये, असा नवाच फाटा फुटला. अलीकडे दस्ता, नळी, चाप-यंत्र असे सारे भाग यंत्राने तासून जुळणीस तयार मिळतात, केवळ कानस, पॉलिशपेपर आणि चिकाटी आपली घालावयाची. ते पुष्कळ स्वस्तही पडते. शेजाऱ्यांनी त्याचे स्वतंत्र फडके बांधले, बाईंनी मोटारखान्यात एक कोपरा रिकामा करून दिला, आणि तो कोपरा आजतागायत रिकामा आहे. इंडियाना राज्यातील फ्रेंडशिप नावाच्या गावी ठासणीच्या बंदूकवाल्यांची राष्ट्रीय संघटना, जी १९३३ सालापासून चालू आहे, दरवर्षी वसंतात आणि शरदात मोठे सामने भरवते. तेथे सर्व कारागिरांच्या बंदुका एकत्र हाताळून मगच अंतिम निर्णय करावा, असे दप्तरात नमूद आहे. ते तेथे जातात, सर्व हाताळतात, आणि नव्या शंका घेऊन येतात.

परवा निरोपाच्या जेवणाच्या वेळी त्यांनी मला तटस्थ म्हणून मत विचारले, तेव्हा मी जे त्यांना तोंडी सांगितले तेच येथे लेखी देतो, कारण असली दरखास्त ज्यांच्या तळघरात तुंबलेली आहे असे अन्य गृहस्थही असावेत, मग ती बंदुकीची असो वा तंबोऱ्याची. या विचारात त्यांना जो आनंद आहे तो कोणत्याही बंदुकीत मिळणार नाही, हे मला मान्य आहे; विचार धुवावा लागत नाही, तो गंजत नाही, आणि त्याच्या दस्त्याची रेषा दर हिवाळ्यास बदलता येते. तथापि या प्रकरणात दोन पक्ष आहेत, आणि दुसऱ्या पक्षाची कैफियत दप्तरात कोठेच नाही. शेजाऱ्यांच्या वहीची पाने वाढताहेत, तशा कारागिराच्या खिडकीपाशी फळ्याही सुकताहेत; त्याला बारीक नक्षीसाठी हल्ली दोन दिवे लागतात, आणि डावखुऱ्या बंदुकीविषयी तो त्या शनिवारी एकच वाक्य बोलला होता, की अशी एक करून पाहण्याची त्याची फार दिवसांची इच्छा आहे. सबब माझा निकाल असा: बंदूक घ्यावी, चकमकीची, लँकेस्टरची आणि डावखुरी घ्यावी, सन कोणते धरावयाचे ते कारागिरावर सोपवावे, आणि बयाणा याच आठवड्यात पाठवावा, कारण कारागिराने सत्तरी ओलांडली आहे आणि मुदत तीन वर्षांची आहे.